मशीन आली, अनुदान मंजूर झालं... मग धंदा काऊन थांबला?

परवा आठवडी बाजाराच्या दिवशी एका ओळखीच्या पोराच्या शेडवर गेलो. पोरगा पिंपळगाव राजाचाच. शिकलेला, कष्टाळू. दीड-दोन वर्षांपूर्वी त्याने मिनी डाळमिल टाकली, तेव्हा नारळ फोडायला मीही होतो. फोटो काढला, बातमी लावली, "ग्रामीण युवकाची उद्योगभरारी" असं शीर्षकही दिलं. परवा पाहतो तर मशीनवर निळी ताडपत्री आणि ताडपत्रीवर कोंबडी बसलेली.

विचारलं, "काऊन रे, बंद पडली का?"

म्हणे, "मशीन बंद नाही भाऊ. तूर नाही."

"तूर नाही म्हणजे? आपल्या भागात तुरीचा तोटा हाय का?"

"खळ्यावर तूर होती तेव्हा माह्याजवळ पैसा नव्हता. आता चार पैसे जमले, तर तूर व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन बसली. त्याच्या भावानं घेतली तर डाळ कोणत्या भावानं इकू?"

मंडळी, छोट्या उद्योगांना अनुदान देऊन स्पर्धेत उभं करायचं, असं आपण गेली कित्येक वर्षं भाषणात ऐकतो. त्या सगळ्या भाषणांना या पोराने दोन मिनिटांत उत्तर दिलं. त्याला अनुदान मंजूर आहे, बँकेचं कर्ज मिळालं आहे, मशीनही चांगली आहे. फक्त मशीनमध्ये टाकायला तूर नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितो. वेळ काढून वाचा, कारण आपल्या गावात दर दोन-चार घरांमागे एक पोरगा "काहीतरी टाकतो म्हणतो" या अवस्थेत आहे.

आधी हिशोब समजून घ्या

अनुदान म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर नोटा येतात. "35 टक्के माफ हाय म्हणे!" हे वाक्य मी चहाच्या टपरीवर शंभर वेळा ऐकलं असेल. माफ वगैरे काही नसतं. योजना कशी चालते ते बघा.

खाद्यपदार्थ बनवणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी केंद्राची एक योजना आहे, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना. लोक तिला पीएमएफएमई म्हणतात. जून 2020 मध्ये ती सुरू झाली, पाच वर्षांसाठी 10 हजार कोटींची तरतूद ठरली आणि नंतर तिची मुदत वाढवली. आपल्या राज्यात ती कृषी खात्यामार्फत चालते. डाळमिल, मसाला चक्की, तेलघाणा, पापड-शेवया, बेकरी, दुधाचे पदार्थ हे सगळं तिच्यात बसतं. प्रकल्पाच्या 35 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान. स्वतःचे किमान 10 टक्के घालायचे, बाकीचं बँकेचं कर्ज.

समजा 7 लाखांची डाळमिल आहे. 70 हजार तुमचे, 6 लाख 30 हजार बँकेचे. अनुदान बसलं 2 लाख 45 हजार. पण हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. ते बँकेतच एका वेगळ्या खात्यात बसतात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा फायदा आहेच. पण ती रक्कम कर्जात वळती होते तीन वर्षांनी. तेही कर्जखातं नियमित असेल आणि उद्योग चालू असेल तर.

म्हणजे अनुदान हे शर्यत सुरू होताना मिळणारं बळ नाही, ते शर्यत पुरी करणाऱ्याला मिळणारं बक्षीस आहे. तीन वर्षं जो टिकला त्याला मिळालं. जो पहिल्याच वर्षी खेळत्या भांडवलापायी अडकला, त्याला त्याचा काय उपयोग?

आता त्या पोराचा प्रश्न पुन्हा बघा. 2025-26 च्या खरिपासाठी तुरीचा हमीभाव 8 हजार रुपये क्विंटल. हमीभावानेच धरलं तरी 50 क्विंटल तूर घ्यायला 4 लाख लागतात. मिल नीट चालवली तर 50 क्विंटल तूर आठवड्या-पंधरवड्यात संपते. अनुदान वजा जाता मशीनचं कर्ज उरतं 3 लाख 85 हजार. म्हणजे मशीनपेक्षा पंधरा दिवसांचा कच्चा माल महाग! आणि या कच्च्या मालाला त्या 35 टक्क्यांतला एक रुपयाही लागू होत नाही. ते अनुदान यंत्र, शेड अशा भांडवली खर्चावर असतं.

खरं बोलायचं तर खेळतं भांडवल योजनांमध्ये अगदीच नाही असं नाही. याच योजनेत बचत गटाच्या, अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्य महिलेमागे 40 हजार रुपये बीजभांडवल आहे, ते खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. पीएमईजीपी नावाची जी दुसरी योजना आहे, तिच्यात प्रकल्प खर्चात एका चक्राचं खेळतं भांडवल धरता येतं. पण एका चक्रानंतर काय? दुकानदाराकडे माल उधारीवर गेला, पैसे दोन महिन्यांनी आले, तोवर तुरीचा हंगाम निघून गेला. आपल्याकडचे बहुतेक छोटे धंदे या फटीत पडतात.

नव्याला आरती, चालत्याला काय?

पीएमईजीपी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, 2008 पासून आहे. खादी ग्रामोद्योग आयोग, खादी मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र ती राबवतात. उत्पादन उद्योगासाठी 50 लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी 20 लाखांपर्यंत प्रकल्प. खेड्यात सर्वसाधारण प्रवर्गाला 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना 35 टक्के. राज्याची तशीच मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना 2019 पासून आहे.

वाईट योजना नाहीत या. पण यांचा मूळ दरवाजा नव्या उद्योगासाठी आहे. पीएमईजीपीत ज्यांनी आधी त्याच योजनेतून किंवा मुद्रातून कर्ज घेऊन नीट फेडलं, त्यांना वाढीसाठी दुसरं कर्ज मिळतं, त्यावर 15 टक्के अनुदान. पण ज्याने कुठल्याच योजनेला हात न लावता पंधरा वर्षं स्वतःच्या पैशांवर पिठाची गिरणी, फर्निचरचं काम, वेल्डिंगचं दुकान किंवा शेवयांचा धंदा चालवला, तो या दारात बसत नाही. तो म्हणतो, "भाऊ, मी पंधरा वर्षं टिकलो हा माह्या गुन्हा हाय का?"

त्याला एक कटिंग मशीन नवीन पाहिजे. वजनकाटा अचूक पाहिजे. पाकिटावर तारीख छापायचं छोटं मशीन पाहिजे. कधी तर फक्त माल तपासून घ्यायला प्रयोगशाळेची फी पाहिजे. 40-50 हजारांत त्याचा धंदा एक पायरी वर जाईल. पण 50 हजारांसाठी प्रकल्प अहवाल, कोटेशन, बँक, तपासणी हे सगळं करायला त्याला वेळ नाही आणि बँकेलाही नाही. बँकवाले खासगीत सांगतात, 50 हजारांच्या फाईलला जितका कागद लागतो, तितकाच 5 लाखांच्या फाईलला लागतो.

कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा आहे, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली. 18 व्यवसाय त्यात आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, शिंपी, गवंडी वगैरे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजारांचं ई-व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाख कर्ज. पहिल्या वर्षपूर्तीचा मोठा कार्यक्रम 20 सप्टेंबर 2024 ला आपल्याच विदर्भात, वर्ध्याला झाला होता. छोट्या माणसाला छोटी मदत द्यायची, ही तिच्यातली कल्पना मला पटते. पण 18 व्यवसायांच्या यादीबाहेर पाय टाकला की पुन्हा अंधार. चिवडा बनवणारी बाई त्या यादीत नाही. मोटार रिवाइंडिंगवाला नाही.

स्पर्धा म्हणजे नेमकं काय?

"स्पर्धाक्षम" हा शब्द भाषणात फार येतो. आपल्या गावात त्याचा अर्थ काय, ते कुठल्याही किराणा दुकानात उभं राहून बघा.

दुकानात डाळ येते ती बहुतेक अकोल्याच्या मिलची. एकसारखा दाणा, खडा नाही, चुणी नाही, कट्टा बरोबर वजनाचा. मालकाने फोन केला की माल दुसऱ्या दिवशी हजर, वर महिनाभराची उधारी. मिरची पावडर येते कंपनीच्या पाकिटात. आता आपल्या पोराने डाळ केली, चवीला कदाचित जास्तच चांगली. पण एका खेपेला दाणा पिवळाधमक, दुसऱ्या खेपेला फुटका. एका महिन्यात माल आहे, पुढचे तीन महिने नाही. दुकानदार म्हणतो, "बाबू, तुही डाळ चांगली हाय, पण मी गिऱ्हाइकाले काय सांगू, पुढच्या महिन्यात ये म्हणू?"

इथे आपण हरतो. माल दर खेपेला सारखा यायला आणि वेळेवर पोचायला जे लागतं, त्यात मशीन ही एकच गोष्ट आहे. बाकीचं म्हणजे प्रतवारी, पॅकिंग, साठवण, वाहतूक, उधारी पेलायची ताकद. अनुदान मात्र बहुतेक त्या एका गोष्टीभोवती फिरतं.

गंमत म्हणजे डाळमिलचं तंत्र आपल्याला बाहेरून आणावं लागलं नाही. छोट्या उद्योजकाला परवडेल अशी पीकेव्ही मिनी डाळ मिल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केली. तूर आपली, मशीन आपल्या विद्यापीठाची, मजूर आपला. तरी नफा राहतो दुसऱ्याकडे.

आणि हे आजचं नाही. 1870 साली जलंब-खामगाव रेल्वे झाली, उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला होता. का आला होता? आपल्या कापसासाठी. कापूस बैलगाडीतून खामगावच्या बाजारात, तिथून रेल्वेने मुंबईला, तिथून बोटीने परदेशात. कापड होऊन परत यायचा तेव्हा आपल्याच माणसाला महाग पडायचा. दीडशे वर्षं उलटली. तुरीचं, सोयाबीनचं आज वेगळं काय चाललंय? पोत्यात जातं, पाकिटात परत येतं. पोतं ते पाकीट या प्रवासात जो पैसा तयार होतो तो पिंपळगावात थांबत नाही.

उलट उदाहरणही जवळच आहे, शेगावची कचोरी. स्टेशनवर रोज उतरणारं गिऱ्हाईक समोर होतं, चव कायम ठेवली, आणि नाव महाराष्ट्रभर झालं. तिथे आधी गिऱ्हाईक होतं, भट्टी मागून मोठी झाली. आपण आधी भट्टी आणतो आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरतो.

घरचीच गोष्ट सांगतो

नव्वदच्या दशकात माझ्या चुलतभावाने सुशिक्षित बेरोजगारांच्या एका योजनेतून कर्ज काढलं. योजनेत बसतं म्हणून झेरॉक्स मशीन घेतलं. त्याला झेरॉक्सच्या धंद्याचं काही माहीत नव्हतं, त्याचा हात होता शिलाईत. पण कोणीतरी सांगितलं, "झेरॉक्सची फाईल लवकर निघते." फाईल लवकर निघाली. गावात वीज मात्र दिवसातून किती तास राहायची, ते त्या काळच्या लोकांना विचारा. दोन वर्षांत मशीन निम्म्याहून कमी किमतीत विकलं. कर्ज मात्र काकांनी जमिनीचा तुकडा विकून फेडलं. दोष कोणाला देणार? योजनेला नाही, बँकेलाही नाही. आम्ही धंदा पाहून मशीन घेतलं नाही, अनुदान पाहून घेतलं.

आजही तेच चालू आहे. पोरं मला विचारतात, "भाऊ, सध्या कशावर अनुदान हाय?" मी म्हणतो, तू आधी हे सांग, तुझा माल पहिल्या दिवशी कोण घेणार? त्या दुकानाचं नाव सांग, मग अनुदानाचं बोलू.

दलाल आणि बँक

आता जरा कडू बोलतो. तालुक्याच्या ठिकाणी काही मंडळी फाईलचा धंदा करतात. "अर्ज ते मंजुरी, सगळं करून देतो, दहा टक्के." गरजवंत माणूस देतो. लक्षात घ्या, पीएमईजीपीचा अर्ज ऑनलाइन आहे आणि खादी आयोगाने त्यासाठी कोणताही एजंट नेमलेला नाही, हे आयोगच जाहीरपणे सांगतो. पीएमएफएमईसाठी सरकारनेच जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या आहेत. अहवाल बनवण्यापासून बँकेपर्यंत मदत करणं हे त्यांचं काम, आणि त्याचं मानधन कर्ज मंजूर झाल्यावर त्यांना सरकार देतं. तुम्ही द्यायचं कारण नाही. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन त्यांचं नाव विचारा. एवढ्या एका माहितीने काही हजार रुपये वाचतात.

दुसरं, तारण. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्यासाठी सीजीटीएमएसई नावाची हमी व्यवस्था 2000 सालापासून आहे. तरी आपल्याकडे "सातबारा आणा, दोन नोकरदार जामीनदार आणा" ऐकायला मिळतं. असं कोणी म्हटलं तर आवाज न चढवता एकच म्हणा, "साहेब, तारण लागतं हे लिहून द्या."

पण बँकेची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर ही पत्रकारिता होणार नाही. एका मॅनेजरने मला सांगितलं, "माझ्या टेबलावर एका महिन्यात चार डाळमिलच्या फाईली आल्या. गाव वेगवेगळं, पण अहवालातली आकडेवारी शब्दशः सारखी. एकाने तर दुसऱ्याच्या गावाचं नावही बदललं नव्हतं." असे अहवाल पाहिल्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि ज्यांनी "सरकारी पैसा हाय, बुडवला तरी चालते" म्हणून हप्ते थांबवले, त्यांच्यामुळे पुढच्या दहा प्रामाणिक पोरांच्या फाईली अडल्या, हेही तितकंच खरं.

"मग अनुदान बंदच करा ना!"

असं म्हणणारेही आहेत. चांगले शिकलेले लोक म्हणतात, अनुदानाने माणूस आळशी होतो, ज्याच्यात दम आहे तो टिकेल. यात थोडं तथ्य आहे, झेरॉक्सची गोष्ट मीच सांगितली. पण मग नियम सगळ्यांना सारखा लावा. मागास भागात उद्योग यावेत म्हणून राज्य सरकार 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवतं. मोठ्या कारखान्यांना करपरतावा, वीजशुल्क माफी, मुद्रांक शुल्कात सवलत दिली जाते. ती "गुंतवणूक आकर्षित करणं" ठरते, आणि आपल्या पापडवालीला 40 हजार दिले की ती "फुकटेगिरी" होते? हे मला मान्य नाही.

अनुदान पाहिजेच. प्रश्न एवढाच आहे की ते कशावर, किती आणि कधी.

जपानचं एक उदाहरण देतो. तिथे अगदी छोट्या व्यावसायिकांसाठी एक अनुदान आहे. नवीन गिऱ्हाईक शोधायचं, दुकानाची पाटी, पत्रकं, वेबसाईट, प्रदर्शनात भाग घेणं, माल सुधारणं अशा खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकार देतं. नेहमीची मर्यादा 5 लाख येन, म्हणजे आपल्या तीन लाखांच्या आसपास. अट एकच महत्त्वाची: गावातल्या व्यापारी-उद्योजक मंडळासोबत बसून विक्रीचा आराखडा बनवायचा. पैसा नंतर, आधी गिऱ्हाइकाचा विचार. आपण जपान नाही, मान्य. पण गिऱ्हाईक आधी, हा विचार करायला जपान व्हावं लागत नाही.

आपल्याकडेही कागदावर अशा गोष्टी आहेत. पीएमएफएमईतच गटांना ब्रँडिंग आणि विक्रीसाठी 50 टक्के मदत आहे, सामायिक सुविधा केंद्राला 35 टक्के आहे. केंद्राची लीन नावाची योजना मार्च 2023 पासून आहे. कारखान्यातली नासाडी कमी करायला, कामाची पद्धत सुधारायला तज्ज्ञ येतो आणि त्याच्या खर्चाचा 90 टक्के भाग सरकार उचलतं. ही तर थेट स्पर्धेत टिकण्यासाठीचीच योजना. आपल्या गावात किती जणांनी तिचं नाव ऐकलंय? मी दहा जणांना विचारलं. दहापैकी एकानेही नाही. फ्लेक्स मात्र भूमिपूजनाचे लागतात.

उधारीचा कायदा

हे खास छोट्या कारखानदारांसाठी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर करारात लिहिलेल्या मुदतीत, आणि काही झालं तरी 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातही तरतूद आली. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. फक्त तुमची उद्यम नोंदणी पाहिजे. ती 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आहे आणि पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कोणी दोन हजार मागितले तर परत या. मात्र ध्यानात ठेवा, हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही.

मला कल्पना आहे, गावात ओळखीच्या दुकानदारावर कोणी कायदा दाखवणार नाही. पण खामगाव-अकोल्याच्या मोठ्या खरेदीदाराला बिलावर उद्यम क्रमांक छापून दिला, तरी फरक पडतो.

मग करायचं काय?

लोकप्रतिनिधींकडे आणि प्रशासनाकडे माझी मागणी साधी आहे.

पहिली, चालत्या धंद्याला 1 लाखाच्या आतली छोटी मदत द्या. कर्जाशी न जोडलेली. माल तपासणी, पॅकिंग, वजनकाटा, दुरुस्ती. आधी बिल दाखवा, मग पैसे घ्या.

दुसरी, हंगामातल्या खरेदीसाठी तीन-चार महिन्यांचं कमी व्याजाचं भांडवल उपलब्ध करा. पीककर्ज पेरणीच्या वेळी मिळतं ना? मग प्रक्रिया करणाऱ्याचीही पेरणी असते, ती तूर खळ्यावर येते तेव्हा.

तिसरी, प्रत्येक पोराला 7 लाखांची अर्धवट मिल देण्यापेक्षा आपल्या भागात एक सामायिक प्रतवारी आणि पॅकिंग केंद्र उभं करा. पाच-सात मिलवाले तिथे माल आणतील, एकाच दर्जाचा, एकाच नावाने विकतील. बचत गटाच्या बायकांचा माल मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये हातोहात खपतो, आणि गावच्या दुकानात मात्र दिसत नाही. कारण प्रदर्शन पंधरा दिवसांचं असतं आणि दुकान वर्षभराचं.

चौथी मागणी माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. दरवर्षी आकडे येतात, इतके प्रस्ताव मंजूर, इतके कोटी वाटप. मला तो आकडा नको. मला हवाय तीन वर्षांनंतरचा आकडा. मंजूर झालेल्यांपैकी आज किती शटर उघडी आहेत? गावनिहाय यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. नावं नको असतील तर फक्त संख्या लावा.

सरकार लावेल याची वाट मी बघणार नाही. या आठवड्यात मी 10 रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. खामगाव तालुक्यात मागच्या पाच वर्षांत या योजनांतून किती उद्योगांना कर्ज मिळालं, त्यातल्या किती जणांचं अनुदान कर्जात वळतं झालं आणि किती युनिट तपासणीवेळी चालू होती. कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं इथेच टाकेन. चांगलं आलं तर मोठ्या अक्षरात टाकेन.

आणि स्वतःलाही एक नियम लावून घेतोय. यापुढे उद्घाटनाचा फोटो लावला की वर्षभराने त्याच शेडवर परत जायचं. "उद्योगभरारी" असं शीर्षक देणं सोपं आहे. त्या दिवशी शेडमधून निघताना त्या पोराने चहा पाजला आणि म्हणाला, "भाऊ, तवा तुम्ही बातमी लावली होती ना, घरी फ्रेम करून ठेवली हाय मायनं." मला काही बोलता आलं नाही.

तो अजून हरलेला नाही. जानेवारीत तूर येईल तेव्हा दोन-तीन शेतकऱ्यांशी बोलून ठेवलंय म्हणे. निम्मे पैसे आधी, निम्मे डाळ विकल्यावर. शेतकरी तयार झालेत, कारण ते त्याला लहानपणापासून ओळखतात. बँकेने आणि योजनेने जी जोखीम घेतली नाही, ती त्या दोन-तीन शेतकऱ्यांनी घेतली.

तुमच्यापैकी कोणी अशा योजनेतून धंदा सुरू केला असेल, तर खाली लिहा. चालला असेल तर कसा चालला ते सांगा, थांबला असेल तर कुठे थांबला ते सांगा. नाव द्यायचं नसेल तर मला मेसेज करा, नाव छापणार नाही. आणि पिंपळगावातल्या किराणा दुकानदारांना हात जोडून एक विनंती. जानेवारीत त्या पोराची डाळ आली तर एक कट्टा ठेवून बघा. पैसे मात्र 15 दिवसांत द्या.